लपवण्याची मुभा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी रवींद्रराव परचुरे दूध आणायला म्हणून गाडी घेऊन बाहेर पडले, ते अंधार पडला तरी परतले नाहीत. दुकान घराच्या अगदी जवळ, पुढच्या चौकातच. उमाबाईंनी चकल्यांचा घाणा अर्धवट सोडून खिडकीशी फेऱ्या घातल्या. शेवटी गाडी ड्राइव्हवेवर तिरकी येऊन थांबली. पुढचा एकच दिवा लागलेला होता.

"हरीण आलं मध्ये," दारात बूट काढता काढता रवींद्रराव म्हणाले. बूट स्वच्छ होते.

"लागलं का तुम्हाला? आणि दूध?"

"कसलं दूध?" त्यांनी विचारलं.

उमाबाई खांद्यावर कोट टाकून बाहेर गेल्या. उजवा दिवा फुटला होता, उजव्या बाजूचा आरसा वायरीला लोंबत होता. आरशाच्या सांध्यात काहीतरी अडकलं होतं. ओढल्यावर हातात आली नारिंगी कापडाची पट्टी, वर चकाकता पांढरा पट्टा. रस्त्यावर काम करणारे लोक घालतात त्या जाकिटाची. हरणं जाकीट घालत नाहीत. हा विचार उमाबाईंच्या मनात आला, आणि दारात आलेल्या विक्रेत्याला परत पाठवावं तसा त्यांनी तो परत पाठवला. पट्टी मुठीत घेऊन त्या आत आल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत बटाट्याच्या सालींखाली ती खोल खुपसली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "गाडी गराजमध्ये लावा. थंडी पडणार आहे."

त्यांनी गाडी लावली, अगदी सफाईनं. हात धुऊन वरणभात जेवले आणि तूप मागून घेतलं. उमाबाईंनी राहिलेल्या चकल्या तळल्या. एकही जळू दिली नाही.

रवींद्रराव पुण्यात चिनी शिकले, तेही बासष्टच्या लढाईनंतरच्या वर्षांत, जेव्हा हातात चिनी पुस्तक दिसलं तर शेजारी कुजबुजायचे. लंडनच्या, म्हणजे ऑन्टारिओतल्या लंडनच्या विद्यापीठात त्यांना नोकरी लागली ती एकोणसत्तर साली. उमाबाई पुढच्या वर्षी आल्या. रवींद्ररावांनी निवृत्तीपर्यंत एकच काळ शिकवला. छिन घराण्यानं तलवारीच्या जोरावर सारा चीन एक केला, आणि मग हान घराण्यानं ते राज्य चारशे वर्षं चालवलं, तो काळ. घरात पाहुणे आले की विषय फिरून फिरून तिथंच यायचा. हवामानाची, घराच्या कर्जाची बोलणी चालू असताना रवींद्रराव हळूच म्हणायचे, "छिनच्या राज्यात पाच-पाच घरांची एक मोळी बांधली होती. एकानं गुन्हा केला आणि बाकीच्यांनी कळवलं नाही, की सगळ्यांना शिक्षा." पाहुणे मान डोलवायचे आणि चिवडा घ्यायचे.

त्यांचं सगळ्यात आवडतं प्रकरण म्हणजे हानच्या श्वेन सम्राटाचं फर्मान. हा सम्राट तान्हा असताना तुरुंगात होता. घरातल्या मोठ्यांवर जादूटोण्याचा आळ आला, घराणं कापून काढलं गेलं, आणि हे पोर कोठडीत कैदी बायकांच्या दुधावर वाढलं. पुढं तो गादीवर आला आणि त्यानं फर्मान काढलं, की मुलानं आईबापाला लपवलं, नातवानं आजोबाला लपवलं, बायकोनं नवऱ्याला लपवलं, तर लपवणाऱ्यावर गुन्हा नाही. उलट बाजूला मात्र सूट नव्हती. बापानं मुलाला किंवा नवऱ्यानं बायकोला लपवलं आणि मूळ गुन्हा देहान्ताचा असला, तर प्रकरण थेट सम्राटाकडे जायचं.

"असं का?" ऋचानं लहानपणी विचारलं होतं. ऋचा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी.

"कन्फ्यूशिअसचे लोक म्हणायचे, मुलगाच बापाला पकडून द्यायला लागला तर राज्य उभं कशावर राहणार?" रवींद्रराव म्हणाले होते. "घर हे मूळ. आणि कायद्याचे लोक म्हणायचे, घर म्हणजेच चोरांची पहिली टोळी. हाननं दोघांचं ऐकलं. वरून कन्फ्यूशिअसचा झगा, आत छिनचा चाबूक. मला विचारशील तर ही दया नव्हती. घराच्या आत आपला हात पोचत नाही, हे सम्राटाला ठाऊक होतं, एवढंच."

हे सगळं उमाबाईंना पाठ होतं. एखाद्या बाईला नवऱ्याच्या आवडीची भाजी पाठ असावी, तसं.

दोन वर्षांपूर्वी रवींद्ररावांचं विसरणं सुरू झालं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नळ बंद करणं, मग वार. हान काळ मात्र जागच्या जागी होता. गेल्या वसंतात फॅमिली डॉक्टरनं नेहमीच्या तपासणीत विचारलं, "घरी काही विसरणं, गोंधळणं वगैरे? गाडी चालवताना?" रवींद्ररावांनी बायकोकडे पाहिलं. ऑन्टारिओत डॉक्टरनं वर कळवलं की लायसन्स जातं, हे उमाबाईंना माहीत होतं. त्या स्वतः गाडी शिकल्या नव्हत्या, पहिल्याच वर्षी बर्फ बघून हाय खाल्ली ती कायमची. पण अडचण ग्रोसरीची नव्हती. गाडीच्या किल्ल्या खिशात वाजवत चालणारा माणूस अजून प्रोफेसर परचुरे होता, आणि किल्ल्या गेल्यावर तो कोण राहील याचं त्यांना भय होतं. "नाही," त्या म्हणाल्या, "वयाप्रमाणे चष्मा विसरतात, तेवढंच." डॉक्टरनं हसून पान उलटलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता. गावाबाहेरच्या कौंटी रोडवर, ग्रीनहाउसेस आहेत त्या बाजूला, सायकलवरून जाणारा एक शेतमजूर रात्रभर खंदकात पडून होता. पहाटे कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईला तो दिसला. मेक्सिकोहून हंगामी कामावर आलेला माणूस, प्रकृती चिंताजनक. कुणी काही पाहिलं असल्यास पोलिसांना कळवावं.

उमाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. दूध आणायला निघालेला माणूस कौंटी रोडवर कशाला जाईल? पण सतरा वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका शेतकऱ्याच्या डेअरीत रवींद्रराव दूध घ्यायला जायचे, ती त्याच रस्त्यावर होती.

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

दुपारी ऋचा व्हिटबीहून आली. ती तिथं हायस्कूलमध्ये शिकवते. संध्याकाळी पूजा झाली. रवींद्ररावांनी आरती खणखणीत म्हटली, एक शब्द चुकला नाही. उमाबाईंनी लाह्या-बत्तासे वाटले. ऋचा म्हणाली, "आई, यू लुक टायर्ड," आणि उमाबाईंनी ते चकल्यांवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचा फोल्डिंग खुर्च्या काढायला गराजमध्ये गेली आणि बराच वेळ परत आली नाही. उमाबाई ओट्याशी उभ्या होत्या. हातातलं काम चालूच होतं, पण आपण काय करतोय ते त्यांना कळत नव्हतं.

ऋचा आत आली. दार लावून घेतलं.

"आई, गाडीला काय झालं?"

"हरीण आलं मध्ये."

"कधी?"

"शुक्रवारी."

"आई, मी ड्राइव्ह करताना रेडिओ ऐकलाय." ऋचाचा आवाज अगदी खाली होता. "आरशाच्या स्क्रूमध्ये नारिंगी धागे आहेत. आय सॉ देम. तू पाहिले नाहीस?"

उमाबाईंनी ओटा पुसायला घेतला.

"पोलिसांना फोन करायला हवा. आत्ता."

"ते आजारी आहेत, ऋचा."

"आजारी? कोण म्हणालं? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

मग सगळं बाहेर आलं. नळ, नावं, वार, डॉक्टरचा प्रश्न आणि त्यावरचं उत्तर. ऋचा ऐकत खुर्चीवर बसली. तिला फोनवर दर रविवारी "बाबा मजेत" एवढंच कळत होतं.

"तुझ्या बाबांनीच शिकवलंय," उमाबाई शेवटी म्हणाल्या. "बायकोनं नवऱ्याला लपवलं तर गुन्हा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांना एवढं कळत होतं."

"आई, त्या बायकोला कुणी विचारलं होतं का, लपवायचंय की नाही? तिला घराबाहेर कुठं जाता येत होतं?" ऋचा म्हणाली. "तुला विचारलं होतं. डॉक्टरनं तोंडावर विचारलं होतं."

उमाबाईंनी तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत त्यांना त्या फर्मानातली बायको कधी दिसलीच नव्हती. दिसायचा तो सम्राट.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे," त्या म्हणाल्या. "त्यांना आधी मी सांगते."

रवींद्रराव अभ्यासिकेत होते. हातात पुस्तक उघडं होतं, पण पान बहुधा सकाळपासून तेच होतं. उमाबाई समोर बसल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. शुक्रवारी तुम्ही गाडीनं एका माणसाला उडवलंत. सायकलवर होता. तुम्ही थांबला नाहीत. तो रात्रभर खंदकात होता.

सुरुवातीला ते ऐकत आहेत की नाही ते कळेना. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा, पूर्ण जागा असलेला माणूस त्या डोळ्यांत आला. उमाबाईंना वाटलं, आत्ता येऊ नका हो. आत्ताच नेमके येऊ नका.

"जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये आहे."

"नाव काय?"

"नाव नाही सांगितलं."

"इथं त्याचं कोण आहे?"

"माहीत नाही. मेक्सिकोहून आलाय कामाला."

ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. "मी जन्मभर लपवणाऱ्यांबद्दल बोललो," ते म्हणाले. "मुलगा, बायको, नातू. ज्याचा जीव गेला, त्याच्या बाजूनं एक वाक्य नाही लिहिलं. त्याचीही बायको असेल, मुलगा असेल. त्यांना काय मुभा होती?" थोड्या वेळानं म्हणाले, "पोलिसांना बोलाव. मी सांगतो त्यांना."

"अहो, नंतर..."

"नंतर नको. नंतर मला आठवणार नाही. तुला ठाऊक आहे ते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आपलं जाणं ते आतून बघत होते, आणि तेही बायकोपासून लपवत होते.

उमाबाई उठल्या. स्वयंपाकघरात फोनपाशी ऋचा होती, पण ती कुणाशीतरी बोलत होती आणि डोळे पुसत होती. हॉस्पिटलमध्ये तिची मैत्रीण नर्स होती. "ही पास्ड," ऋचा म्हणाली. "तासाभरापूर्वी. आई, तो माणूस गेला."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. ऋचानं नंबर फिरवला, पत्ता सांगितला. उमाबाई अभ्यासिकेच्या दारात गेल्या, तेव्हा रवींद्ररावांनी पुस्तकातून डोकं वर केलं.

"चहा झाला का ग?" त्यांनी विचारलं.

पोलीस दोघं आले, एक पुरुष आणि एक बाई. वागायला सभ्य. गाडी ओढून नेली. रवींद्ररावांना प्रश्न विचारले, तेव्हा त्यांनी उलट त्यांनाच विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यातले? आणि मग हानच्या जिल्हाधिकाऱ्याची कामं समजावून द्यायला सुरुवात केली. बाई लिहिता लिहिता थांबली. उमाबाईंना वाटलं, आता आपण मध्ये पडावं, सांगावं की थोड्या वेळापूर्वी हे सगळं कबूल करत होते, स्वतःहून करत होते. पण ते कोण मानणार? जो माणूस कबूल करत होता, तो आता खोलीत नव्हता.

मिलिंद देव हा त्यांच्या ओळखीतला वकील. मराठी मंडळात गणपतीची वर्गणी गोळा करताना दिसायचा, तो आता कोट घालून डायनिंग टेबलाशी बसला.

"काकांवर खटला उभा राहील असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "तपासण्या होतील. कोर्ट म्हणेल, त्यांना काही समजत नाही. लायसन्स गेलंच."

"आणि मी?" उमाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला काही नाही, काकू. इथल्या कायद्यात स्पष्ट आहे. नवरा-बायकोपैकी एकानं दुसऱ्याला वाचवायला मदत केली, तर मदत करणाऱ्याला गुन्ह्यात धरत नाहीत." तो ऋचाकडे वळला. "मुलांना ही सूट नाही. तू कळवलंस ते बरं केलंस."

ऋचा कडवट हसली. "म्हणजे इथं बायको सुटते, मुलगी अडकते. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी पेपर लिहिला असता."

उमाबाई मिलिंदकडे बघत होत्या. "पण मला त्या संध्याकाळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "कापडाची पट्टी होती. मी कचऱ्यात टाकली."

मिलिंदनं पेन खाली ठेवलं. ऋचानं आईकडे पाहिलं. हे तिला नवीन होतं.

"काकू," मिलिंद जपून म्हणाला, "हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. सांगायची गरज नाही."

"सांगितलं तर काही होईल?"

"काही होणार नाही. म्हणूनच म्हणतो, गरज नाही."

तरीही उमाबाईंनी ते त्या पोलीस बाईला फोनवर सांगितलं. आणि विचारलं, "त्याच संध्याकाळी तो सापडला असता तर?" "डॉक्टर म्हणतात, कदाचित," बाई म्हणाली. "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, मिसेस परचुरे. टेक केअर ऑफ युवर हजबंड." आणि फोन ठेवला.

त्यानंतर ऋचा आईशी कामापुरतंच बोलू लागली. बाबांच्या तपासण्यांना ती व्हिटबीहून यायची, औषधं लावून द्यायची, फ्रीज भरायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. रवींद्रराव रोज गाडीच्या किल्ल्या शोधायचे. उमाबाईंनी एकदा त्यांना कारण सांगितलं. त्यांचा चेहरा पुन्हा तसाच जागा झाला, तेच प्रश्न पुन्हा आले. जिवंत आहे? नाव काय? या वेळी उमाबाईंना नाव माहीत होतं. रामिरो. संध्याकाळपर्यंत ते पुसलं गेलं. त्यानंतर त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी दुरुस्तीला दिलीय, एवढंच सांगायच्या. हेही लपवणंच होतं, पण एवढी शिक्षा त्या माणसाला रोज नव्यानं देणं त्यांच्यानं होईना.

रामिरोचा मृतदेह मेक्सिकोला गेला. नोव्हेंबरात, मजूर परत जायच्या आधी, ग्रीनहाउसेसजवळच्या कॅथलिक चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. उमाबाईंनी ऋचाला म्हटलं, मला तिथं सोड.

"कशाला?" ऋचानं विचारलं.

"मला माहीत नाही."

ऋचानं सोडलं आणि ती गाडीतच बसून राहिली. प्रार्थनेनंतर लोक चर्चच्या बेसमेंटमध्ये जमले. लांब टेबलं, कॉफीचं मोठं भांडं, गोड पाव. उन्हानं रापलेले पुरुष, धुतलेल्या जॅकेटांत, हळू बोलत होते. साडीवर कोट घातलेल्या उमाबाईंकडे त्यांनी पाहिलं आणि आदरानं जागा करून दिली. ग्लोरिया नावाची एक तरुण बाई चर्चतर्फे दुभाष्याचं काम करत होती. तिनं रामिरोच्या चुलतभावाची ओळख करून दिली. तोमास. दोघं एकाच खोलीत राहत होते. त्यानं स्वतः उठून उमाबाईंना कॉफी आणून दिली.

"मी त्या गाडीवाल्याची बायको," उमाबाई म्हणाल्या.

ग्लोरियानं सांगितलं. तोमास हळूच खाली बसला. मग त्यानं सांगितलं, की त्या रात्री रामिरो आला नाही, तेव्हा त्यांना वाटलं तो गावात फोन करायला थांबला असेल. मुलीचा वाढदिवस होता तिकडं. कुणी शोधायला गेलं नाही. मालकाला कळवावं तर हा परस्पर बाहेर गेला म्हणून त्याला परत पाठवतील अशी भीती. म्हणून सगळे गप्प बसले. हे सांगताना तो टेबलाकडे बघत होता.

मग त्यानं एक प्रश्न विचारला.

"तो विचारतोय," ग्लोरिया म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

रविवारी, मुलीनं गाडी पाहिली तेव्हा, असं म्हणता आलं असतं. शनिवारी, रेडिओवर, असंही म्हणता आलं असतं. दोन्हींत थोडं थोडं खरं होतं.

"शुक्रवारी संध्याकाळी," उमाबाई म्हणाल्या. "गाडी घरी आल्या आल्या."

ग्लोरिया थांबली. "मॅडम, आर यू शुअर? हे मी त्याला सांगू?"

"सांगा."

ग्लोरियानं सांगितलं, फार कमी शब्दांत. तोमासनं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उमाबाई वाट बघत होत्या. त्यानं काही बोलावं, ओरडावं, हात उगारला तरी चालेल. त्यानं उमाबाईंसमोरचा कॉफीचा कप उचलला, सिंकपर्यंत नेला, ओतून टाकला, विसळून पालथा घातला. मग तो आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला आणि त्यांना काहीतरी म्हणाला. एकेकाचं बोलणं थांबत गेलं.

उमाबाई शेवटपर्यंत तिथंच बसून राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. माणसं खुर्च्या गोळा करू लागली, त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या उचलल्या गेल्या, त्या बसल्या होत्या तेवढी एक राहिली. तेव्हा त्या उठल्या आणि जिना चढून वर आल्या. बाहेर बारीक बर्फ पडायला लागलं होतं. ऋचानं गाडीचं दार आतून उघडलं, पण काय झालं ते विचारलं नाही.